संमेलन आणि कुस्त्या एकाच मैदानावर : कचऱ्याचं काय करायचं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका युवक मंडळाच्या कार्यकर्त्याचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. जानेवारीत गावचं मराठी साहित्य संमेलन आहे, दुपारच्या जेवणाला अडीच-तीन हजार माणूस धरलाय. त्यानंतर आठ-दहा दिवसांत त्याच मैदानावर कुस्त्या, तिथे गर्दी दहा हजारांच्या वर. गेल्या वर्षी वर्गणीतून हिरवे-निळे डबे घेतले, पण संध्याकाळी दोन्ही डब्यांत सारखाच माल निघाला. शेवटी सगळं मैदानाच्या कडेला ओतून पेटवलं. यंदा डबे दुप्पट घ्यावेत, प्लास्टिकऐवजी कागदी कप आणि चंदेरी पत्रावळी आणाव्यात असं मंडळाचं मत पडलंय. आणि जमलेला माल रिसायकलला द्यायचा तर कुणाकडे, हा शेवटचा प्रश्न.

माझा बेळगावात भंगाराचा धंदा आहे. गोडाऊन आहे, आणि बरीच वर्षं संमेलनं, यात्रा, लग्नं, कुस्त्यांची मैदानं यांच्यानंतरचा माल उचलायचं काम घेतो. तुमचा कार्यक्रम संपतो तिथून माझा सुरू होतो. म्हणून हे उत्तर पोत्याच्या तोंडाकडून बघून दिलेलं आहे असं समजा.

पहिलं म्हणजे, डबे दुप्पट करू नका. आहेत तेवढे पुरेत, कदाचित जास्तच आहेत.

गेल्या वर्षी डबे का फसले ते बघू. जेवण झालेला माणूस डब्यापाशी येतो तेव्हा एका हातात पत्रावळ, दुसऱ्या हाताला पोर. पत्रावळीत उरलेला भात, त्यात रुतलेला प्लास्टिकचा चमचा, शेजारी लोणच्याची फाडलेली पुडी, वर कागदी ग्लास. मागे रांग. तो तिथे दोन सेकंद थांबतो. तेवढ्यात त्याने तीन जातींच्या पाच वस्तू वेगळ्या करून दोन डब्यांत टाकाव्यात ही अपेक्षाच चूक आहे. तुम्ही-मीसुद्धा करणार नाही. मग लोकांना शिस्त नाही म्हणून माइकवरून ओरडत बसायचं आणि संध्याकाळी काडी ओढायची, हे दरवर्षीचं.

आता असं मिसळलेलं पोतं माझ्याकडे आलं की काय होतं ते सांगतो. वरून बघावं तर बाटल्याच बाटल्या. उलटं केलं की तळाला आमटीत भिजून फुगलेला पुठ्ठा, भाताचे गोळे, अर्ध्या भरलेल्या बाटल्या, आणि त्यातल्या दोन-चार बाटल्यांत मावा खाऊन थुंकलेलं. माझ्याकडे निवडायला बसणाऱ्या बायकांनी एकेक बाटली हातात घेऊन उघडायची, ओतायची, पुसायची. त्यांची मजुरी त्या मालाच्या किमतीहून जास्त होते. म्हणून असं पोतं कुठलाही भंगारवाला घेत नाही, किंवा घेतलं तर वरच्या बाटल्या काढून बाकी टाकून देतो. बरं, त्यातलं ओलं तरी खताला जावं, तर त्यात प्लास्टिकचे तुकडे, कुठला शेतकरी शेतात टाकेल? ओलं कोरड्याला लागलं की दोन्ही बाद.

म्हणून माझं काम मी एकाच गोष्टीवर चालवतो : लोकांना वेगळं करायला सांगायचं नाही, एका जागी एकाच जातीचा कचरा होईल अशी मांडणी करायची. जेवणाच्या जागी फक्त कुजणारं. पाण्याच्या जागी कचराच नाही. स्टॉलपाशी फक्त कोरडं. हे कार्यक्रमाच्या दिवशी जमत नाही. महिनाभर आधी मंडळ खरेदीची यादी करायला बसतं तेव्हा जमतं किंवा हुकतं.

अर्थात प्रत्येक गावाचं वेगळं. जानेवारीत तुमच्या विहिरी-बोअरला पाणी किती, देवळाची स्वतःची भांडी आहेत का, पंगत घालणार की बुफे, स्टॉल कुणाच्या परवानगीने लागतात, पंचायतीची कचऱ्याची गाडी चालू आहे का, यावर बरंच काही बदलतं. मी सांगतो ते तुमच्या गावाला लावून बघा.

जेवणापासून सुरू करतो, कारण वजनाने सगळ्यात जास्त कचरा तिथेच होतो आणि तिथलं नीट झालं की अर्धं काम झालं.

चंदेरी पत्रावळ आणू नका. तो कागद आहे आणि त्यावर चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा आहे. खड्ड्यात टाकली तर कागद कुजतो, पापुद्रा तसाच राहतो. रद्दीला दिली तर पापुद्र्यामुळे आणि लागलेल्या अन्नामुळे कुणी घेत नाही. हिरवी पानं छापलेल्या कागदी पत्रावळीचंही तेच. स्टीलची ताटं सगळ्यात उत्तम, पण तीन हजार ताटं घासायची तर ताटामागे दीड-दोन लिटर पाणी धरावं लागतं, घासायला बायका लागतात, आणि ते खरकटं पाणी जिरवायची सोय लागते. पाच-सातशे माणसांपर्यंत मी ताटांचाच आग्रह धरतो. तीन हजारांना एका दुपारी जेवू घालायचं तर पळसाची पत्रावळ घ्या.

पण तीही बघून घ्या. हल्ली बाजारात मशीनवर दाबलेल्या पळसाच्या पत्रावळी येतात, त्यात पानांच्या खाली प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. गठ्ठा घेण्याआधी एक पत्रावळ पाण्यात बुडवून कडेला नखाने सोला. पारदर्शक पापुद्रा सुटून आला तर परत करा. काडीने टाचलेली जुन्या पद्धतीची मिळाली तर चांगलंच, आमटी थोडी गळते एवढंच. सुपारीच्या पानाच्या प्लेटा शिरसीकडून येतात, दणकट असतात, दिसायला छान, पण महाग पडतात आणि खड्ड्यात कुजायला पळसापेक्षा पुष्कळ जास्त वेळ घेतात. स्टेजवरच्या पाहुण्यांसाठी घ्या हवं तर. द्रोणही पानाचेच.

मग चमचा नको. आमटी-भात, वांग्याची भाजी, गव्हाची खीर याला चमचा कशाला लागतो? खीर द्रोणातून पितात. लोणचं आणि मीठ बादलीतून वाढा, पुड्या नकोत. आणि एक वस्तू यादीतून आधी खोडा : टेबलावर अंथरायचा पातळ प्लास्टिकचा रोल. मंगल कार्यालयात तुम्ही बघितलं असेल. पंगत उठली की पोरं दोन टोकांना धरून पत्रावळी, अन्न, ग्लास, सगळं त्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून एकच लांब भेंडोळं करतात. काम झटक्यात होतं खरं, पण ते भेंडोळं परत कुणीच सोडवत नाही.

एवढं झालं की जेवणाच्या मंडपात एकही न कुजणारी वस्तू राहत नाही. मग तिथे हिरवा-निळा हा प्रश्नच नाही. जेवणाऱ्याने पत्रावळ दुमडून बाहेर पडताना समोर दिसेल त्या पिंपात टाकली की झालं. तो कितीही घाईत असो, त्याला चुकताच येत नाही.

पंगत की बुफे, यावर वाद घालायची माझी तयारी आहे. बुफेला लोक एकदाच ताट भरून घेतात, परत रांगेत उभं राहायला नको म्हणून. मग अर्धं टाकतात. आणि ताट घेऊन मैदानभर पांगतात, झाडाखाली, गाडीच्या बोनेटवर, स्टेजच्या मागे. पत्रावळी तिथेच राहतात. पंगतीत वाढपी विचारून वाढतो, माणूस मागेल तेवढंच घेतो, आणि सगळा कचरा दोन सरळ रांगांत असतो. वेळ लागतो हे मान्य. पण आपल्याकडे वाढायला पोरांची कमतरता नाही, कमतरता उचलायला असते. त्याबद्दल पुढे लिहितो.

अन्न उरू नये यासाठी आचाऱ्याशी आधीच बोला. किलोभर तांदळात आठ-दहा माणसं जेवतात हा हिशोब त्याला पाठ असतो, पण कमी पडलं तर गावाची नाचक्की म्हणून सगळे वाढवूनच धरतात. सगळा भात सकाळीच टाकायचा नाही. दोन तृतीयांश आधी, उरलेला पंगती बघून. तांदूळ धुतला नसेल तर दुकानदार परत घेतो किंवा देवळाच्या कोठारात राहतो. शिजलेल्या भाताला संध्याकाळनंतर वाली नसतो. भाजी-आमटी उरली तर जवळच्या वसतिगृहाला द्यायची असेल, तर त्यांच्याशी आदल्या दिवशी बोलून ठेवा आणि दुपारीच पोचवा. रात्री नऊला फोन करून उरलेलं गळ्यात मारणं बरं नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण गावात हे हमखास होतं. उरलेला भात टोपलीभर नेऊन गाई-म्हशींपुढे ओततात. पुण्याचं काम म्हणून करतात. जनावराने शिजलेला भात एकदम पोटभर खाल्ला की त्याच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, रवंथ बंद होतो, आणि वेळेत डॉक्टर आला नाही तर जनावर दगावतं. मूठ-दोन मूठ वैरणीत कालवून घातलं तर चालतं, घमेलंभर नाही. पत्रावळींचा ढीग उघडा टाकला तरी मोकाट जनावरं तेच करतात, शिवाय त्यात प्लास्टिक असेल तर तेही गिळतात.

म्हणून खड्डा. तीन हजार पत्रावळींना साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट खोल असे दोन खड्डे आठवडाभर आधी खणून ठेवा, जेसीबी गावात असतोच. विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, उंचवट्यावर. तळाला वीतभर पालापाचोळा किंवा भाताचं तूस. तुमच्या भागात भातशेती आहे, तुसाला तोटा नाही. त्यावर पत्रावळी-खरकट्याचा थर, त्यावर शेणकाला शिंपडायचा, मूठभर माती, परत तूस, परत पत्रावळी. खरकटं ओलं असतं, नुसतंच टाकलं तर दुसऱ्या दिवशी गाव नाक धरतं. तूस ते पाणी पिऊन घेतं. वर चार बोटं माती आणि कुत्र्यांसाठी काटेरी फांद्या. जानेवारीत हवा कोरडी, मधूनअधून पाणी शिंपडावं लागतं. पावसाळ्याच्या तोंडाला वरखाली करून बघा, पळसाचं पान ओळखू येत नसेल तर शेतात टाकायला हरकत नाही.

आता पाणी. माझ्या धंद्याच्या दृष्टीने बघितलं तर मी तुम्हाला बाटल्या घ्या म्हणायला हवं. पण खरं सांगू का, बाटल्या विकून मंडळाला पैसे मिळतील ही समजूत सोडून द्या. एक लिटरच्या शंभर रिकाम्या बाटल्या मिळून दोन-अडीच किलो भरतात. पाव लिटरच्या तर हाताला वजनच लागत नाही. टेम्पोभर बाटल्या म्हणजे बघायला डोंगर, काट्यावर ठेवल्या की किरकोळ. भाडं सुटलं तरी नशीब.

बाटली नकोच. तीन हजार माणूस दिवसभर उन्हात, माणशी एक लिटर धरलं तरी तीन हजार लिटर. म्हणजे वीस लिटरचे दीडशे जार, किंवा टाकी. आपल्याकडे बऱ्याच गावांत पंचायतीचं शुद्ध पाण्याचं मशीन आहे, नाणं टाकलं की वीस लिटर मिळतं. ते आदल्या दिवशीपासून भरून ठेवता येतं. हजार लिटरच्या धुतलेल्या टाकीला आडवा पाइप आणि सहा-आठ तोट्या लावून प्लंबर अर्ध्या दिवसात देतो. टँकरचं पाणी असेल तर आरोग्य केंद्रातल्या माणसाकडून क्लोरीन तपासून घ्या, त्यात संकोच नको. ग्लास स्टीलचे, तीन टबांची धुण्याची ओळ : पहिल्यात साबण, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात गरम. दोनशे-तीनशे ग्लास फिरते राहिले की पुरतात. आणि टाकीपाशी दोन तांबे ठेवा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना वरून प्यायची सवय आहे, ते ग्लासला हातही लावत नाहीत.

स्टेजवरही तांब्या-भांडंच ठेवा. खाली लोकांना टाकीचं पाणी आणि वर अध्यक्षांपुढे बाटल्यांची ओळ, असं असलं की पहिल्या तासात लोक विचारतात, "आम्हाला तेवढं टाकीचं होय ओ?" बरोबरच आहे त्यांचं. तसंच सत्काराच्या पुष्पगुच्छाला गुंडाळलेला चकचकीत कागद. साहित्य संमेलनात पुस्तक द्यावं हे मी भंगारवाल्याने सांगायला नको.

कागदी कपाबद्दल तुमचा गैरसमज आहे, तो बहुतेकांचा असतो. कपाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. तो थर कागदापासून वेगळा काढायचे कारखाने मोजके, आणि चहा-साखर लागलेले कप गोळा करून तिकडे पाठवणारा आपल्या भागात मला तरी माहीत नाही. रद्दीवाला घेत नाही, खड्ड्यात कुजत नाही. म्हणजे प्लास्टिकचा कप गेला आणि त्याच्या जागी तसलाच दुसरा आला. चहावाल्याला काचेचे किंवा छोटे स्टीलचे ग्लास आणायला सांगा. कुस्तीच्या मैदानात काच नकोच, फुटली तर आखाड्यात जाते. 'कुजणारं प्लास्टिक' म्हणून जे कप विकतात त्यांच्याही नादी लागू नका. त्यातल्या बऱ्याच मालाला कुजायला कारखान्यातल्या खतप्रकल्पाची उष्णता लागते, तुमच्या खड्ड्यात ती होत नाही.

इथपर्यंतचं बघितलंत तर संमेलनाला मी तुम्हाला एकही डबा वाढवायला सांगितलेला नाही. मंडपाच्या दाराशी पत्रावळींची पिंपं, पाण्यापाशी काही नाही, आणि पुस्तकांच्या स्टॉलपाशी पुठ्ठा ठेवायची एक कोरडी जागा. बस्स.

कुस्त्यांचं मैदान मात्र वेगळी जात आहे. तिथे जेवण नाही, पण दहा हजार माणूस चार-पाच तास एका जागी बसून शेंगा, भेळ, गिरमिट, भजी खातो. चांगली जागा धरलेला माणूस शेवटची कुस्ती होईपर्यंत उठत नाही. उठला की जागा गेली. मग कडेला ठेवलेला डबा निळा असो की सोन्याचा, त्याला काय उपयोग? जे हातात असतं ते पायाखाली जातं.

म्हणून तिथे डबा माणसाकडे जायला हवा. दोन कुस्त्यांच्या मधे पोरांच्या जोड्या पोतं घेऊन बैठकीतून फिरवायच्या. पोतं कांद्याचं, लाल जाळीचं. एपीएमसीत किंवा गावातल्या कांदा-बटाटेवाल्याकडे जुनी पोती मिळतात. जाळीतून आतला माल दिसतो, त्यामुळे दुसरा माणूसही तसाच माल टाकतो, आणि बाटलीतलं उरलेलं पाणी गळून जातं. गाठ मारून सरळ माझ्यासारख्याच्या काट्यावर. बाटली चेपून टोपण परत लावलेलं चालतं. टोपण वेगळ्या प्लास्टिकचं असलं तरी पुढे कारखान्यात तुकडे करून पाण्यात टाकले की टोपणाचे तरंगतात, बाटलीचे बुडतात.

या कामात सगळ्यात मोठा माणूस म्हणजे निवेदक. कुस्तीच्या मैदानात लोक पंचाचं ऐकत नाहीत, पण निवेदकाचं ऐकतात. हलगी थांबली की त्याने एवढंच म्हणायचं, "बसल्या जागी पोतं येतंय, बाटली पायाखाली टाकू नका, ही माती पैलवानाच्या अंगाला लागते." ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेल्या त्या मातीबद्दल आपल्या भागात लोकांना आदर आहे. स्वच्छ भारताचं भाषण जिथे पोचत नाही तिथे हे पोचतं.

शेंगांच्या टरफलांची काळजी करू नका, ती मातीत जातात. उसाच्या रसाच्या गाड्यांची चिपाडं एका बाजूला रचून ठेवायला सांगा, चुलीला किंवा गुऱ्हाळाला जातात. खरा त्रास मावा-गुटख्याच्या पुड्यांचा. ती पुडी झाडूला लागत नाही, पोत्यात येत नाही, एकेक हाताने वेचावी लागते. टपरी मैदानाच्या आत लागू देऊ नका, रस्त्यापलीकडे लावा, आणि प्रवेशाशी वाळू भरलेले तेलाचे डबे ठेवा. सगळं थांबत नाही, पण निम्म्याहून कमी होतं. चिप्सच्या पाकिटांचंही असंच : अनेक थरांचं प्लास्टिक, भंगारात शून्य किंमत. ती वेगळी जमवली तर सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवणारे आहेत, पण ते गाडीभर माल जमल्याशिवाय हलत नाहीत. तुमच्या एका मैदानाची पाकिटं पंचायतीच्या कोरड्या कचऱ्यात द्यावी लागतील.

स्टॉलवाल्यांकडून जागेचं भाडं घेताच, त्यासोबत अनामत घ्या. अट साधी : आपल्या स्टॉलच्या भोवती दहा पावलांत पडलेलं त्याचं, रात्री जागा दाखवली की पैसे परत. रक्कम भाड्यापेक्षा जास्त ठेवा, नाहीतर तो अनामत सोडून जातो. प्लास्टिकची प्लेट-चमचा दिसला तर अनामत गेली हेही पावतीवर लिहा, मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही, कारण भजीवाले हुबळी-धारवाडकडूनही येतात.

कापडी फलक घ्या, त्यावर सालाचा आकडा घालू नका, पुढच्या वर्षी चालतो. (आपल्याकडे फलक म्हटलं की आधी भाषेचा वाद निघतो, फलक कशाचा हे नंतर कुणी विचारतच नाही.) ग्रंथदिंडीत आणि शेवटच्या कुस्तीला मशीनमधून उडवतात ते चमकणारे तुकडे मात्र पूर्ण बंद करा. ते प्लास्टिकचे असतात, नखाएवढे असतात, आणि मातीत गेले की कुणाच्या बापाला निघत नाहीत. पहिल्या पावसात ओढ्यातून मलप्रभेला, आणि तिथून थेट सौंदत्तीकडच्या नविलुतीर्थ धरणात. गुलाल-भंडारा आहे की आपला.

कायद्याचं थोडक्यात. कर्नाटकात मार्च २०१६ पासून प्लास्टिकच्या पिशव्या, प्लेटा, कप, चमचे, फ्लेक्स, थर्माकोल आणि तो टेबलावरचा रोल, सगळ्याला बंदी आहे. महाराष्ट्रात बंदी २०१८ ला आली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लेटा-चमच्यांसारख्या वस्तूंना देशभर. हे सांगतो कारण आपली खरेदी निपाणी-कोल्हापूरकडून होते आणि दुकानदार म्हणतो, "तिकडं चालतंय की." कुठेच चालत नाही. शिवाय मोकळ्या मैदानात शंभरपेक्षा जास्त माणसं जमवायची तर किमान तीन कामाचे दिवस आधी पंचायतीला कळवायचं आणि कचरा वेगळा करूनच द्यायचा, हे केंद्राच्या घनकचरा नियमांतच आहे. पेटवायचं तर नावच काढू नका. हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर मोठ्या प्रमाणात कचरा जाळल्यास पंचवीस हजारांचा दंड सांगितलाय, आणि दंड कुणी केला नाही तरी तो धूर तुमच्याच घरात शिरतो.

कुणाला द्यायचं, याचं उत्तर यातूनच निघतं. कोरड्या बाटल्या, पुठ्ठा, तेलाचे डबे, धुतलेल्या दुधाच्या पिशव्या : खानापुरातला कुठलाही भंगारवाला घेतो, बेळगावला आणायची गरज नाही. नारळाच्या करवंट्या जळणाला. ज्याला भाव नाही असं कोरडं, म्हणजे पाकिटं वगैरे, पंचायतीच्या गाडीला. पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना भेटून कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी मैदानावर येईल असं ठरवा. बऱ्याच पंचायतींत त्या गाडीवर बचत गटाच्या बायका असतात. त्यांना आधी बोलावून मैदान दाखवा, आणि भंगाराचे जे काही पैसे येतील ते त्यांनाच द्या. मंडळाच्या हिशोबात तेवढ्याने काही फरक पडत नाही, त्यांच्या पडतो. मिसळलेलं काहीही बेळगावच्या गाडीत चढवून द्यायचा विचार असेल तर सोडा, ते तुरमुरीच्या कचरा डेपोवर जाऊन पडतं, आणि तिथल्या गावकऱ्यांनी आधीच खूप सोसलंय.

राहिली माणसं. वाढायला पोरं मिळतात, उचलायला मिळत नाहीत, हे मी वर म्हटलं. फेटा बांधून स्टेजपाशी उभं राहायला पन्नास जण, पत्रावळीच्या पिंपापाशी कुणी नाही. हे काम कुठल्या तरी ठरावीक घरातल्या माणसांनीच करायचं, हे आपल्या डोक्यात बसलेलं आहे, उगीच आडपडदा नको. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसलाय : पिंपापाशी पहिला तास मंडळाचा अध्यक्ष उभा करा, रबरी हातमोजे घालून. दुसरा तास शाळेचे मुख्याध्यापक. मग पोरं आपोआप नंबर लावतात. पाळी एक तासाची, त्याहून जास्त नको, आणि त्यांना जेवायला पहिल्या पंगतीत बसवा. एका पिंपापाशी एक माणूस उभा असला तर चूक होत नाही. माणूस नसेल तर ते पिंप ठेवूच नका.

घाई कशाची करायची तर पत्रावळींची. जानेवारीत लग्नं असतात, काडीच्या पत्रावळी ऐन वेळी मिळत नाहीत आणि मग चंदेरीच गळ्यात पडते. आत्ताच सांगून ठेवा, नमुना मागवून नखाने सोलून बघा. आणि तुमचं मैदान ओढ्यापासून किती लांब आहे, जमीन तांबडी मुरमाड आहे की काळी चिकट, ते लिहा. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, तिथे खड्ड्याऐवजी वरच बांबूचा चौकोन करून ढीग रचावा लागतो. त्याची मापं वेगळी आहेत, ती तुमचं उत्तर आलं की सांगतो.